राउटरपासून मोटारीच्या स्टार्टरपर्यंत : मुक्त फर्मवेअर घडवण्याचा आढावा

यंत्राच्या चिपमध्ये भरून ठेवलेला आणि वीज येताच सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. संगणकावरचा प्रोग्राम डोळ्यांना दिसतो, नको झाला तर काढून टाकता येतो. फर्मवेअर डबीच्या आत असते आणि ते तिथे आहे याचाच बहुतेकांना पत्ता नसतो. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यासारख्या गावात अशा डब्या आता घरोघरी आणि बांधाबांधावर आहेत. फायबर जोडणीचा राउटर, विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर, ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीने उघडणारा कंट्रोलर, दूध संकलन केंद्रातला काटा आणि फॅट मोजणारे यंत्र, चौकातला कॅमेरा या सगळ्यांत फर्मवेअर आहे. जवळपास प्रत्येक डबीतला प्रोग्राम कंपनीने बंद ठेवलेला असतो. मुक्त फर्मवेअरचा सोर्स कोड उघडा असतो. तो वाचायला, बदलायला आणि पुन्हा कंपाइल करून त्याच यंत्रात भरायला परवान्यानेच मुभा असते.

या यंत्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. राउटर, कॅमेरा, लोरा गेटवे यांच्यात लिनक्स चालेल एवढी ताकद असते. त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी, बिल्डरूट, योक्टो अशा व्यवस्था आहेत. स्टार्टर, व्हॉल्व्ह कंट्रोलर, ओलाव्याचे सेन्सर यांत मायक्रोकंट्रोलर असतो. तिथे लिनक्सला जागाच नसते, आणि एकच प्रोग्राम थेट चिपवर चालतो. दोन्हीकडे कामाची रीत वेगळी, चुकीची किंमतही वेगळी. राउटर बिघडला तर इंटरनेट जाते. स्टार्टर बिघडला तर मोटार जळते.

बंद फर्मवेअर कुठे अडते, हे मोबाइल स्टार्टरवरून चांगले कळते. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटार नीरेच्या काठाला आणि वस्ती दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर फोनवरून मोटार चालू-बंद करण्याची सोय केवळ चैन राहत नाही. या स्टार्टरच्या आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक जीएसएम मोडेम आणि एक-दोन रिले एवढाच ऐवज असतो. अनेक स्टार्टरमधले मोडेम टूजीचे आहेत. जिओचे जाळे सुरुवातीपासूनच फोरजीचे असल्याने त्याचे सिम त्यात चालत नाही, आणि गावात टूजीची रेंज कमी झाली की स्टार्टर मुका होतो. रिले शाबूत असतो, बोर्डही शाबूत असतो. फक्त आतल्या प्रोग्रामला नव्या मोडेमशी बोलता येत नाही. सोर्स कोड हाताशी असेल तर मोडेम बदलायचा, त्याच्या आज्ञांची दहा-वीस ओळींची फाइल दुरुस्त करायची आणि कंपाइल करून पुन्हा भरायचे. कोड नसेल तर धडधाकट बोर्ड भंगारात जातो आणि नवी डबी येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत शेतीची उपकरणेही होती. पण दुरुस्ती म्हटले की अजून सुट्या भागांचाच विचार होतो. फर्मवेअर हाही एक सुटा भाग आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

दुसरे कारण सुरक्षेचे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले. कारखान्यातून आलेला ॲडमिन हाच पासवर्ड तसाच राहिला होता, आणि मोडेम बाहेरच्या जगाला उघडे होते. त्या सुमाराच्या ब्रिकरबॉट जातीच्या मालवेअरचे काम यंत्राची फ्लॅश मेमरी खराब करून टाकणे हेच होते. अशा मोडेमना पुन्हा उठवायचे तर नवे फर्मवेअर भरावे लागते. विकल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत कंपनी अपडेट देणे थांबवते, यंत्र मात्र सात-आठ वर्षे चालते. मधल्या काळाची जबाबदारी कोणाचीच नसते.

या चळवळीचा उगम एका साध्या निळ्या राउटरमध्ये आहे. लिंकसिसने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी बाजारात आणला. त्यात लिनक्स आहे हे पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की प्रोग्राम विकला किंवा वाटला तर त्याचा कोडही मागणाऱ्याला द्यावा लागतो. सिस्कोने तोवर लिंकसिस विकत घेतली होती. दबावाखाली २००३ मध्ये कोड खुला झाला. त्या पायावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाले. त्याची बांधणीची यंत्रणा मुळात बिल्डरूटमधून घेतलेली, नंतर इतकी बदलली की नाते ओळखू येऊ नये. लिंकसिसने मात्र नंतरच्या एका आवृत्तीत मेमरी निम्म्यावर आणली, लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स बसवले आणि लिनक्सवाल्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल नावाचा वेगळा राउटर काढला. मे २०१६ मध्ये काही प्रमुख कार्यकर्त्यांनी बाहेर पडून लेडे नावाचा प्रकल्प काढला. कारण तांत्रिक कमी आणि कारभाराचे जास्त होते. जानेवारी २०१८ मध्ये दोघे पुन्हा एक झाले, नाव जुने राहिले आणि नियम बरेचसे लेडेचे आले. आवृत्त्यांना वर्ष आणि महिन्याचे आकडे असतात, म्हणून १८.०६, २१.०२, २३.०५, २४.१० असा क्रम दिसतो. २०२४ मध्ये प्रकल्पाने ओपनडब्ल्यूआरटी वन हा स्वतःचा राउटरही आणला. त्यात एक जीबी रॅम आहे, आणि मुख्य फ्लॅश बिघडली तर उठवण्यासाठी दुसरी स्वतंत्र फ्लॅश.

कंपाइल करण्याच्या फार आधी यंत्राची निवड होते, आणि निम्मे प्रयत्न इथेच फसतात. खोक्यावरचे मॉडेलचे नाव पुरेसे नसते. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन भारतात अमाप खपला. त्याच्या तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे. चौदाव्यात तीच चिप ठेवून फ्लॅश ४ आणि रॅम ३२ एमबीवर आणली. वरून दोन्ही सारखेच. फरक पाठीमागच्या स्टिकरवरच्या बारीक अक्षरांत असतो. चार-बत्तीसच्या यंत्रांना ओपनडब्ल्यूआरटीने काही वर्षांपूर्वीच रामराम केला. कर्नल, मूळ साधने आणि वेब पडदा एवढे भरले की जागा संपते आणि बदल साठवायला काहीच उरत नाही.

जागेचा हिशेब कसा असतो ते १६ एमबी फ्लॅशच्या, मीडियाटेक एमटी७६२१ चिपच्या राउटरवर पाहता येते. एकूण १६,३८४ केबी. त्यातले पहिले १९२ केबी यू-बूट या बूटलोडरचे, पुढचे ६४ केबी त्याच्या सेटिंगचे, त्यापुढचे ६४ केबी ‘फॅक्टरी’ नावाच्या कप्प्याचे. उरलेले १६,०६४ केबी फर्मवेअरला मिळतात. यातला फॅक्टरीचा कप्पा लहान, पण सर्वांत मोलाचा. त्यात त्या एका यंत्राच्या रेडिओचे कारखान्यात मोजलेले कॅलिब्रेशन आणि मॅक पत्ता असतो. तो पुसला गेला तर दुसऱ्या राउटरचा आणून चिकटवता येत नाही. वायफाय लागते, पण रेंज पडते. नव्याने शिकणाऱ्याने एकही ओळ कंपाइल करण्याआधी हा कप्पा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा.

फायबरच्या जोडणीबरोबर कंपनीने दिलेली डबी हा वेगळा प्रश्न. तिचे काचतंतूकडचे अंग बंद असते आणि तिच्यावर नियंत्रण कंपनीचे असते. शहाणा मार्ग असा की तिला हात न लावता ब्रिज मोडमध्ये ठेवावे आणि तिच्या मागे आपला राउटर जोडावा.

यंत्र ठरले की कोड उतरवायचा. कंपाइल करायला लिनक्सचा संगणक लागतो. डिस्कवर १० ते १५ जीबी मोकळी जागा असावी. कामाच्या फोल्डरच्या वाटेत कुठेही नावामध्ये मोकळी जागा नसावी आणि सगळे काम रूट म्हणून न करता साध्या वापरकर्त्याच्या नावाने करावे. कोड गिटने घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे एका ठरावीक प्रसिद्ध आवृत्तीवर थांबणे. मुख्य शाखा रोज बदलते. आज चाललेली बांधणी पुढच्या आठवड्यात का चालत नाही याचा शोध घेत बसणाऱ्यांत या शाखेवर काम करणारेच जास्त असतात.

यानंतर फीड्स आणतात. ओपनडब्ल्यूआरटीचा गाभा लहान ठेवलेला असून हजारो पॅकेजे फीड नावाच्या वेगळ्या भांडारांत असतात. ती आणली आणि जोडली की मेक मेन्यूकॉन्फिग ही आज्ञा द्यायची. निळ्या पडद्यावर एक लांबलचक यादी उघडते. ही के-कॉन्फिगची पद्धत लिनक्स कर्नलकडून आली आहे. तीन गोष्टी याच क्रमाने ठरवायच्या असतात: चिपचे घराणे, त्यातला उपवर्ग आणि नेमके यंत्र. घराणे बदलले की खालच्या बऱ्याच निवडी पुन्हा कराव्या लागतात, म्हणून आधी पॅकेजांवर खुणा करून मग चिप निवडणाऱ्याची मेहनत वाया जाते. प्रत्येक पॅकेजापुढे दोन प्रकारच्या खुणा करता येतात. चांदणी म्हणजे ते इमेजमध्येच जाईल. एम म्हणजे ते कंपाइल होईल पण वेगळे राहील आणि लागेल तेव्हा बसवता येईल. फ्लॅश लहान असेल तर या दोन खुणांतली निवड हेच खरे कौशल्य ठरते.

बावड्यातल्या एखाद्या मळ्यासाठी ही निवड अशी होईल: फायबर गेले तर वापरायला फोरजी डोंगलचे ड्रायव्हर, घरून मळ्यात सुरक्षित शिरायला वायरगार्ड, सेन्सरच्या नोंदी गोळा करायला मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर आणि अरुंद जोडणीवर एकाच्या व्हिडिओमुळे सगळ्यांचे हाल होऊ नयेत म्हणून रांग सांभाळणारे एसक्यूएम. लुसी या वेब पडद्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, आणि तिचे पॅकेज अगदी थोडी जागा खाते. छपाई किंवा फाइल वाटपाची पॅकेजे मात्र ‘असू देत’ म्हणून भरली जातात आणि वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही.

मेक म्हटल्यावर संगणक आधी क्रॉस-टूलचेन बांधतो. इंटेलच्या लॅपटॉपवर बसून मिप्स किंवा आर्म चिपसाठी कोड तयार करणारा कंपायलर या कोडसोबत तयार येत नाही, तो पहिल्यांदा स्वतःच कंपाइल व्हावा लागतो. मग कर्नल, मग पॅकेजे आणि शेवटी इमेज. साध्या लॅपटॉपवर पहिली फेरी काही तास घेते. पुढच्या फेऱ्या मिनिटांत होतात, कारण जे बदललेले नाही ते मेक पुन्हा करत नाही. मध्येच लाइट गेली तरी झालेले काम बहुधा वाचते. मूळ कोडच्या गठड्या डीएल नावाच्या फोल्डरमध्ये साठतात; मोबाइल डेटावर काम करणाऱ्याने साफसफाई करताना हे फोल्डर तेवढे वगळावे. बांधणी अडली तर पडद्यावरची शेवटची ओळ क्वचितच कारण सांगते. एकाच धाग्यावर, सविस्तर संदेश चालू करून पुन्हा मेक दिले की खरी चूक वीस-तीस ओळी वर सापडते, आणि पुष्कळदा ती डाउनलोड अर्धवट झाल्याची असते.

तयार इमेज हाती आली की नवखा माणूस ती जपून ठेवतो. जपायची वस्तू खरे तर दुसरीच आहे. हजारो ओळींच्या कॉन्फिग फाइलमधून मूळ निवडीपेक्षा वेगळे काय केले तेवढेच काढून देणारी डिफकॉन्फिग नावाची छोटी स्क्रिप्ट कोडसोबतच येते. तिच्यातून पन्नास-साठ ओळींची फाइल मिळते. ती फाइल, आवृत्तीचा आकडा आणि स्वतः घातलेल्या फाइलींचे फोल्डर एवढे जवळ असेल तर तीच इमेज कोणीही, कधीही पुन्हा घडवू शकतो. नुसती इमेज असेल तर ती कंपनीच्या बंद फर्मवेअरइतकीच बंद. फक्त बंद करणारा बदलला. गावात एका हौशी मुलाने सगळ्यांचे राउटर बदलून दिले आणि पुढे तो नोकरीला चाकणला गेला, तर मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा असतो.

हेही सांगितले पाहिजे की पुष्कळांना कंपाइल करण्याची गरजच नसते. प्रकल्पाकडून इमेज बिल्डर नावाचे साधन मिळते. त्यात आधीच कंपाइल झालेली पॅकेजे निवडून काही मिनिटांत आपली इमेज जुळवता येते. कर्नलमध्येच बदल हवा असेल, यादीत नसलेल्या यंत्राला आधार द्यायचा असेल किंवा पॅकेज स्वतःचे असेल, तेव्हाच पूर्ण कोड घ्यावा. पूर्ण बांधणीचा एक तोटा लगेच जाणवतो. कर्नलच्या निवडी बदलल्या की त्याची ओळखीची खूण बदलते आणि अधिकृत भांडारातले ड्रायव्हर त्या कर्नलवर बसत नाहीत. मग प्रत्येक लहान ड्रायव्हरसाठी पुन्हा स्वतःच कंपाइल करणे आले.

स्वतःचे पॅकेज लिहिणे ऐकायला अवघड वाटते, पण त्याचा सांगाडा एका पानात मावतो. हवामान केंद्राचे आकडे सिरियल तारेवरून वाचून ब्रोकरला देणारा प्रोग्राम घेतला तर त्याच्या मेकफाइलमध्ये नाव, आवृत्ती, कोड कुठून आणायचा तो पत्ता, त्या गठडीचा शा-२५६ ठसा, कोणत्या पॅकेजांवर तो अवलंबून आहे आणि कंपाइल झाल्यावर कोणती फाइल यंत्रात कुठे ठेवायची एवढेच लिहावे लागते. आज्ञांच्या ओळी टॅबने सुरू व्हाव्या लागतात. तिथे आठ मोकळ्या जागा दिल्या तर दिसायला सगळे नीट आणि बांधणी मात्र अडलेली. सोबत दोन लहान फाइली लागतात. एक सेटिंगची, यूसीआय पद्धतीची, म्हणजे केंद्र कोणत्या पोर्टला आहे हे कोड न उघडता बदलता येते. दुसरी सुरुवातीची, जी प्रोग्राम मेला तर त्याला पुन्हा उठवायला प्रोसीडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला सांगते. अशा पॅकेजासाठी एसडीके पुरते. त्यात टूलचेन तयार असते आणि काम तासांऐवजी मिनिटांत उरकते.

आता फर्मवेअर भरण्याचा टप्पा. एकाच यंत्राच्या दोन इमेज तयार होतात. फॅक्टरी इमेज कंपनीच्या पडद्यातून पहिल्यांदा भरायची आणि सिसअपग्रेड इमेज ओपनडब्ल्यूआरटी आल्यानंतरच्या बदलांसाठी. भरताना वीज जाता कामा नये, आणि गावात त्याची खात्री फक्त इन्व्हर्टर देतो. तरीही यंत्र उठलेच नाही तर सिरियल तार हा शेवटचा दरवाजा. राउटरचे झाकण उघडले की बोर्डावर ओळीने चार छिद्रे किंवा पिना सापडतात: जमीन, पाठवणे, घेणे आणि वीज. विजेची पिन जोडायचीच नाही. बाकीच्या तिन्ही ३.३ व्होल्टच्या अडॅप्टरला, पाठवण्याची तार घेण्याला आणि घेण्याची पाठवण्याला अशी उलटसुलट जोडायची. पाच व्होल्टचा अडॅप्टर चिप जाळू शकतो. वेग बहुधा १,१५,२०० ठेवून यंत्र चालू केले की काळ्या पडद्यावर ओळी धावू लागतात. सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत कळ दाबली तर यू-बूट थांबते आणि टीएफटीपीवरून इमेज मागते. बूटलोडर शाबूत आहे तोवर यंत्र मेलेले नाही. म्हणून बूटलोडर बदलायला लावणाऱ्या कृती शेवटपर्यंत टाळाव्यात.

चालू यंत्रात मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस या न बदलणाऱ्या थरात असते आणि बदल त्यावरच्या दुसऱ्या थरात. सेटिंग बिघडले तर फेलसेफमध्ये शिरून वरचा थर पुसता येतो. नोंदी मात्र फ्लॅशवर लिहू नयेत. दर मिनिटाला तापमान लिहिणारा उत्साही प्रोग्राम काही वर्षांत चिप झिजवतो.

मायक्रोकंट्रोलरच्या जगात रीत वेगळी. एस्प्रेसिफच्या ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या चिपांनी काही शे रुपयांत वायफाय दिले, आणि त्यांच्यावर टास्मोटा, ईएसपीहोम यांसारखी तयार मुक्त फर्मवेअरे आली. ईएसपीहोममध्ये तर वायएएमएल फाइलीत पिना आणि नियम लिहिले की कोड आपोआप तयार होऊन कंपाइल होतो. घरातल्या दिव्यांसाठी हे ठीक. शेतावरच्या मोटारीसाठी मात्र नियम स्वतः विचार करून लिहावे लागतात, आणि यातले काही प्रश्न एका शेतकऱ्याच्या हद्दीत मावत नाहीत.

लाइट येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच घ्या. एका ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या दहा मोटारी आहेत असे धरू. चालू असताना प्रत्येक मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे दहा मिळून पंचाहत्तर. डीपीची क्षमता ८४ अँपिअरच्या आसपास. थेट चालू होणारी मोटार सुरुवातीला मात्र पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. दहाही ऑटो एकाच क्षणी पडले तर मागणी चारशे अँपिअरच्या आसपास जाते, व्होल्टेज कोसळते, मोटारी अडखळतात, फ्यूज उडतो. हेच रोज घडले तर डीपी जळतो आणि मग ऐन उन्हाळ्यात उभा ऊस पाण्याविना राहतो. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे आवाहन वारंवार करते. शेतकरी ऑटो काढत नाही, कारण रात्री दोनला उठून नदीवर जायचे कोणी? यावर फर्मवेअरमधला उपाय एका ओळीचा आहे: लाइट आल्यावर तिन्ही फेज नीट आहेत हे पाहून, शून्य ते काही मिनिटांच्या दरम्यानचा यादृच्छिक काळ थांबून मग रिले ओढायचा. दहा जण वेगवेगळ्या क्षणी चालू होतात. बंद डबीत हा काळ एक तर नसतो किंवा सगळ्यांना सारखाच असतो, आणि सारखा असला तर न असल्यासारखाच.

याच प्रोग्राममध्ये एक फेज गेली तर तत्काळ बंद करणे, विहीर कोरडी पडली तर प्रवाहातल्या घटीवरून ओळखून थांबणे, प्रोग्राम अडकला तर वॉचडॉगने चिप पुन्हा सुरू करणे आणि पुन्हा सुरू होताना रिले उघडाच राहील याची खात्री घेणे या गोष्टी हव्यात. शेवटची बाब सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. ईएसपी३२ वर हवेतून अपडेट देताना दोन कप्पे ठेवता येतात. नवे फर्मवेअर नीट उठले नाही तर चिप जुन्यावर परत जाते. आणि ओव्हरलोड रिले मात्र प्रोग्रामवर अवलंबून नसलेला, वेगळा, यांत्रिकच असावा. कोड कितीही चांगला असो, त्याच्या भरवशावर मोटार सोडू नये.

हे काम शिकायचे ठिकाण पुणे जिल्ह्यात फार पूर्वीपासून आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या सर्वांत पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. फॅब अकादमीच्या अभ्यासक्रमात सर्किट बोर्ड स्वतः कोरणे आणि त्यावरच्या मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्राम लिहिणे या दोन्ही गोष्टी येतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पाने महाविद्यालयांत एम्बेडेड प्रयोगशाळा उभारायला मदत केली. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत स्वयंचलित सिंचन हा विषय इतका नेहमीचा झाला आहे की त्याचे नाव काढले तरी परीक्षक सुस्कारा सोडतात. अडचण अशी की प्रकल्प गुणांपुरता टिकतो. पुढच्या तुकडीने मागच्याच कोडवर काम करावे असा रिवाज रुजला, तर तीन वर्षांत शेतात लावण्याजोगे फर्मवेअर तयार होईल.

सेन्सर आणि राउटर यांच्यामध्ये रेडिओ येतो, आणि तिथे कायदाही येतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे २००५ मध्ये ठरावीक मर्यादेत विनापरवाना खुले झाले. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. यातला ८६५ ते ८६७ चा पट्टा लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओपद्धतीसाठी महत्त्वाचा. लोरावॅनच्या भारतीय आराखड्यात ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ या तीन मूळ वाहिन्या आहेत. परदेशी कोड जसाच्या तसा कंपाइल केला तर नोड युरोपच्या ८६८ वर किंवा अमेरिकेच्या ९१५ वर बोलू लागतो. गेटवे त्याला ऐकत नाही आणि वर कायदाही मोडतो. राउटरमध्येही देशाचा कोड भारताचाच ठेवावा. दुसरा देश टाकून शक्ती वाढवण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते आणि ती बेकायदा आहे. याच धास्तीने अमेरिकेत २०१५ च्या सुमारास कंपन्या राउटरच कुलूपबंद करू लागल्या. पुढच्या वर्षी तिथल्या नियामकाने टीपी-लिंकला शक्तिमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल दोन लाख डॉलर भरायला लावले, पण त्याच तडजोडीत बाहेरच्या फर्मवेअरला वाट मोकळी ठेवण्याचे कबूलही करून घेतले.

महाराष्ट्रातला या बाबतीतला मोठा प्रयोग पालघरचा. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालच्या ग्राममार्ग गटाने टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्यांतून गावांना इंटरनेट देऊन पाहिले. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळपास सर्वत्र मोकळ्या आहेत, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. कोणत्या ठिकाणी कोणती वाहिनी मोकळी हे यंत्राला सांगणारा ओपनपॉज हा डेटाबेस त्यांनी मुक्त ठेवला. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. टीव्हीचा पट्टा विनापरवाना खुला न झाल्याने हा मार्ग मात्र प्रायोगिक परवान्यापुरता राहिला. मायक्रोसॉफ्टच्या फार्मबीट्स संशोधनातही शेतातली माहिती घरापर्यंत आणायला अशाच रिकाम्या वाहिन्या वापरल्या होत्या. त्याच कंपनीच्या आणि ऑक्सफर्डच्या सहकार्याने बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, तेव्हा चर्चा उपग्रहाची आणि मॉडेलची झाली. बांधावरच्या डबीतले फर्मवेअर त्या चर्चेत आले नाही. ओलाव्याचा आकडा चुकीच्या कॅलिब्रेशनने निघाला तर पुढचे सगळे गणित वाफशाऐवजी चिखलावर उभे राहते.

मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, हा गैरसमज दूर ठेवावा. ओपनडब्ल्यूआरटीच्या ऑनलाइन इमेज बांधून देणाऱ्या सेवेत डिसेंबर २०२४ मध्ये गंभीर दोष उघड झाला. शा-२५६ च्या ६४ अक्षरी ठशातली पहिली १२ अक्षरेच ताडून पाहिली जात होती, त्यामुळे एकाची मागणी दुसऱ्याच्या दूषित इमेजने पुरी करता येण्याची शक्यता होती. दोष लगेच दुरुस्त झाला, आणि कोड उघडा होता म्हणूनच बाहेरच्या संशोधकाला तो शोधता आला. जवळचा धोका याहून साधा आहे. वायफायचा पासवर्ड, वायरगार्डची खासगी किल्ली आणि सिमचा क्रमांक इमेजमध्येच भरून ती इमेज मित्राला पाठवली जाते.

परवान्याची बाजूही कंपाइल करणाऱ्यावर येते. बदललेले फर्मवेअर भरून दहा स्टार्टर किंवा राउटर विकणारा अकलूज-इंदापूरचा छोटा दुकानदार जीपीएलच्या दृष्टीने लिंकसिसच्याच जागी उभा असतो. त्याने कोड सोबत द्यावा, नाहीतर मागेल त्याला तो देण्याची, किमान तीन वर्षे टिकणारी लेखी हमी द्यावी.

आणि काही डब्यांना हात लावता येत नाही. दुधाचा काटा, कारखान्याचा वजनकाटा ही वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली तपासलेली आणि सील केलेली यंत्रे आहेत. त्यांचे सील तोडून फर्मवेअर बदलणे हा गुन्हाच, हेतू कितीही चांगला असो. तरीही काटामारीची तक्रार दर गळीत हंगामात निघते, आणि तपासणीत बहुधा प्रमाणित वजने ठेवून आकडा पाहिला जातो. लोडसेलकडून आलेला आकडा आणि पडद्यावर दिसणारा आकडा यांच्यामध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो. तपासणीच्या वेळी एक आणि उसाची ट्रॉली असताना दुसरेच करायचे, हे प्रोग्रामला अवघड नाही. युरोपात मापनयंत्रांच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळे मार्गदर्शक आहेत. त्यांत मोजणीचा भाग बाकी प्रोग्रामपासून वेगळा ठेवणे, त्याचा ठसा पडद्यावर दाखवता येणे आणि प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहणे अपेक्षित असते. इथे शेतकऱ्याने स्वतः कंपाइल करण्याचा प्रश्नच नाही. मागणी एवढीच होऊ शकते की मोजणीच्या भागाचा कोड निरीक्षकाकडे जमा असावा, त्यातून बांधलेल्या इमेजचा ठसा काट्यावर दिसावा आणि वजन करून घेणाऱ्याला तो ट्रॉली काट्यावर उभी असतानाच ताडून पाहता यावा.